दुखापतींची वही: गावातले अपघात लिहायचे कसे आणि कमी करायचे कसे

प्राथमिक आरोग्य केंद्रातला एखादा जुना केसपेपर पाहा. 'उजव्या तर्जनीला खोल जखम, चार टाके, टीटी दिले.' उपचारापुरतं एवढं पुरेसं आहे. पण ते बोट कडबाकुट्टीत, म्हणजे चारा कापायच्या यंत्रात गेलं की कोयत्याखाली आलं, दिवसा की अंधारात, यंत्र घरचं होतं की भाड्याचं, यातलं काहीच त्या कागदावर नसतं. दुसऱ्या कोणाचं बोट वाचवायचं असेल तर नेमकी हीच माहिती लागते.

हा लेख ती माहिती जमवू पाहणाऱ्या नवख्या माणसासाठी आहे. तुम्ही आशाताई असाल, उपकेंद्रातल्या आरोग्यसेविका असाल, शाळेत शिकवत असाल, ग्रामपंचायतीचे सदस्य असाल किंवा गावातल्या तरुण मंडळात असाल. लागतं काय, तर एक दोनशे पानी वही, एक पेन आणि महिन्यातून एक संध्याकाळ. मोबाइलवर तक्ता करता येत असेल तर मोजणी सोपी होते, पण त्यावाचून काही अडत नाही.

नुसत्या नोंदींनी काय होतं, असं लोक विचारतीलच. त्यांना महाडचं उदाहरण सांगा. डॉ. हिंमतराव बावस्कर १९७६ साली महाडजवळच्या बिरवाडीच्या आरोग्य केंद्रात गेले, तेव्हा कोकणात लाल विंचवाच्या दंशाने धडधाकट माणसं आणि लहान मुलं मरत होती. डॉक्टरांनी रुग्णांच्या उशाशी बसून नाडी, रक्तदाब, घाम, गार पडणारे हातपाय यांच्या तासातासाच्या नोंदी ठेवल्या. त्या निरीक्षणांवरचा लेख १९८२ साली 'लॅन्सेट'मध्ये आला. पुढे प्राझोसिन हे रक्तदाबाचं साधं औषध वापरात आलं आणि जिथे शंभरातले चाळीसेक दगावत होते तिथे हे प्रमाण एकाच्या आसपास उतरलं. सुरुवात झाली ती काळजीपूर्वक लिहिण्यापासून.

दुसरा दाखला वेल्समधल्या कार्डिफ शहराचा. तिथले जबड्याचे शल्यचिकित्सक जोनाथन शेफर्ड यांच्या लक्षात आलं, की मारामारीत जखमी होऊन दवाखान्यात येणाऱ्यांपैकी बहुतेकांची पोलिसांकडे नोंदच नसते. मग दवाखान्याच्या खिडकीवर प्रत्येकाला तीन गोष्टी विचारायला सुरुवात झाली: नेमकं कुठे घडलं, केव्हा घडलं, कशाने मारलं. नावं काढून ही माहिती पोलीस आणि नगरपालिकेला दर महिन्याला मिळू लागली. गस्त कुठे आणि किती वाजता हवी, हे त्यावरून ठरू लागलं. तशाच इतर शहरांशी तुलना केली, तेव्हा मारहाणीमुळे दवाखान्यात दाखल होणाऱ्यांचं प्रमाण कार्डिफमध्ये ठळकपणे कमी झालेलं दिसलं. कुठे, केव्हा, कशाने, हे तीन प्रश्न तुमच्याही वहीचा कणा आहेत.

पहिली पायरी: काय लिहायचं ते ठरवा

प्रत्येक खरचटणं लिहायला गेलात तर पंधरा दिवसांत कंटाळून वही बंद कराल. फक्त मृत्यू आणि मोडलेली हाडं लिहिलीत, तर वर्षाकाठी हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या नोंदी होतील आणि त्यातून काहीच कळणार नाही. माझ्या मते मधला नियम असा ठेवावा: ज्या दुखापतीसाठी घराबाहेर कोणाकडे तरी उपचाराला जावं लागलं, किंवा जिच्यामुळे एक दिवस तरी काम वा शाळा बुडली, ती लिहायची. पडणं, कापणं, भाजणं, बुडणं, शॉक लागणं, वाहनाचा अपघात, फवारणीतली विषबाधा, साप-विंचू, कुत्रा चावणं, बैलाने मारणं, हे सगळं यात येतं.

हा नियम वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा आणि वर्षाच्या मध्ये बदलू नका. नियम बदलला की आधीचे आकडे आणि नंतरचे आकडे एकमेकांशी ताडून पाहता येत नाहीत.

दुसरी पायरी: रकाने आखा

दोन पानं मिळून आठ रकाने पुरतात: तारीख आणि वार, वेळ, वय आणि स्त्री की पुरुष, ठिकाण, तेव्हा काय काम चाललं होतं, कशाने आणि कसं लागलं, शरीराला काय झालं, किती दिवस काम बुडालं. शेवटचा रकाना दुखापत किती गंभीर आहे हे सांगतो. तो तेव्हाच्या तेव्हा भरता येत नाही, नंतर विचारून भरावा लागतो. म्हणून जागा रिकामी सोडा.

खरी मेहनत सहाव्या रकान्याची. इथे नवखा माणूस 'यंत्रात हात गेला' एवढं लिहून मोकळा होतो. एकच घटना तीन प्रकारे कशी लिहिली जाते ते पाहा.

'हाताला लागलं.' याचा उपयोग शून्य.

'कडबाकुट्टीत बोट गेलं.' थोडंफार कळलं.

'संध्याकाळी साडेसातला गोठ्यात कडबाकुट्टी चालू होती. ओली मका रोलरमध्ये अडकली. खटका गोठ्याच्या दुसऱ्या टोकाला, म्हणून यंत्र बंद न करताच हाताने मका पुढे लोटली. दिवा मागच्या बाजूला, तोंडावर अंधार.'

तिसऱ्या नोंदीत चार उपाय दडलेले आहेत. खटका हाताशी घ्या, दिवा पुढे आणा, ढकलायला लाकूड ठेवा, ओला चारा थोडा थोडा घाला. ती वाचताना जखमी माणसाला बोल लावावासा वाटत नाही, हेही तितकंच महत्त्वाचं. 'निष्काळजीपणा' हा शब्द या वहीत लिहायचाच नाही. त्या शब्दापाशी विचार थांबतो, आणि पुढच्या वेळी तो माणूस तुम्हाला काही सांगतही नाही.

ठिकाणही असंच नेमकं लिहा. 'रस्त्यावर' म्हणजे कुठेही. 'फाट्याच्या अलीकडच्या मोरीजवळ, उताराच्या वळणावर' असं लिहिलं तर सहा महिन्यांनी ते बोलू लागतं.

तिसरी पायरी: माहितीच्या वाटा शोधा

एकाच जागेवर विसंबलात तर चित्र अर्धवट राहतं. याचा देशपातळीवरचा पुरावा सर्पदंशाच्या आकड्यांत आहे. सरकारी दवाखान्यांच्या नोंदींत सर्पदंशाने होणारे मृत्यू वर्षाला हजार-दीड हजारांच्या घरात दिसत. घरोघरी जाऊन मृत्यूची कारणं विचारणाऱ्या अभ्यासात मात्र २००० ते २०१९ या काळात भारतात सुमारे १२ लाख माणसं सर्पदंशाने गेल्याचा अंदाज निघाला. म्हणजे वर्षाला सरासरी ५८ हजार. बहुतेक माणसं दवाखान्यात पोहोचण्याआधीच, घरी किंवा वाटेत गेली होती, त्यामुळे दवाखान्याच्या कागदावर ती आलीच नाहीत. त्यातले जवळपास निम्मे मृत्यू जून ते सप्टेंबरमधले होते. मार्च २०२४ मध्ये केंद्र सरकारने सर्पदंशाचा राष्ट्रीय कृती आराखडा आणला आणि त्याच वर्षी राज्यांना सर्पदंशाची नोंद सक्तीची करायला सांगितलं. आधी मोजणी नीट व्हावी, हाच त्यामागचा विचार.

गावात विचारायच्या जागा अशा: उपकेंद्र आणि आरोग्य केंद्र, तालुक्याचे खासगी डॉक्टर, हाड बसवणारे वैदू, मेडिकल दुकान, शाळा, पोलीस पाटील आणि घरोघर फिरणाऱ्या आशाताई. यातल्या आशाताईंना सगळ्यांत जास्त माहिती असते, आणि त्यांच्यावर कागदांचं ओझंही सगळ्यांत जास्त असतं. त्यांच्या हाती आणखी एक फॉर्म देऊ नका. आठवड्याच्या ठरलेल्या दिवशी तुम्हीच त्यांना फोन करा, 'ताई, या आठवड्यात कोणाला काही लागलं का?' एवढं विचारा आणि लिहून घ्या.

वैदूकडे जाताना चौकशीचा आव आणू नका. 'तुमच्याकडे कोण आलं' हे विचारलं की ते बिचकतात. 'यंदा पायाची हाडं जास्त की हाताची?' असं विचारलं की मोकळेपणाने बोलतात.

थोडक्यात हुकलेले प्रसंगही वहीच्या मागच्या पानांवर लिहा. मळणी यंत्राच्या पट्ट्यात ओढणी अडकली पण फाटून सुटली, शेततळ्यात घसरलेल्या मुलाला कोणीतरी ओढून काढलं. हे पुढच्या अपघाताचे इशारे आहेत, आणि कोणाचं काही न जाता मिळालेले आहेत.

चौथी पायरी: लोकांची झाकली मूठ झाकलीच ठेवा

नाव लिहू नका. नोंदीला क्रमांक द्या. नाव आणि क्रमांक जोडणारी यादी ठेवावीच लागली, तर ती वेगळी आणि कुलपात. छोट्या गावात वय, वाडी आणि तारीख सांगितली की माणूस ओळखू येतो, म्हणून चारचौघांत फक्त बेरजा सांगायच्या. 'खालच्या वाडीतल्या अमक्याच्या सुनेला भाजलं' असं कधीही नाही. दवाखान्याच्या रजिस्टरचा मोबाइलवर फोटो काढून तो ग्रुपवर टाकणं तर पूर्ण वर्ज्य. दवाखान्याची माहिती हवी असेल तर वैद्यकीय अधिकाऱ्यांना भेटून नावाविना बेरजा मागा.

घरातली मारहाण आणि स्वतःला करून घेतलेली इजा, या दोन गोष्टी या वहीत घेऊ नका. त्यांना वेगळी काळजी आणि वेगळी माणसं लागतात. बाई 'पडले' म्हणत असेल आणि जखम तसं सांगत नसेल, तर सासरच्यांसमोर खोदून विचारू नका. ती एकटी असताना १८१ ही महिला हेल्पलाइन सांगा. मन खचलेल्या माणसासाठी टेली-मानसचा १४४१६ हा मोफत क्रमांक आहे.

पाचवी पायरी: महिन्यातून एकदा वही वाचायला बसा

लिहिलेलं कोणी वाचलंच नाही तर वही म्हणजे नुसती रद्दी. महिनाअखेरीस दोघं-तिघं बसा. आधी साध्या बेरजा करा: कशाने किती, कोणत्या वेळी किती, कोणत्या वयात किती. मग गावाचा हाताने काढलेला मोठा नकाशा भिंतीवर लावा आणि प्रत्येक घटनेच्या जागी टिकली चिकटवा. लाल टिकली वाहनाची, काळी सापाची, निळी पाण्याची, हिरवी यंत्राची. आकड्यांना कंटाळणारी माणसंही टिकल्यांच्या नकाशापुढे थांबतात आणि बोट ठेवून आपली आठवण सांगतात. त्यातून सुटलेल्या दोन-चार नोंदी हमखास मिळतात.

हंगाम डोळ्यासमोर ठेवा. पेरणी ते काढणी साप, खरिपात फवारणी, दिवाळीनंतर ऊसतोडणी आणि रात्रीच्या ट्रॉल्या, सुगीत मळणी यंत्र, उन्हाळ्याच्या सुट्टीत विहिरी आणि शेततळी. ज्या कामाचा हंगाम चालू आहे त्याची मोजणी महिन्याऐवजी आठवड्याला करा. यवतमाळ जिल्ह्यात २०१७ च्या खरिपात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसच्या आसपास माणसं दगावली आणि शेकडो दवाखान्यांत दाखल झाली. अशा वेळी पहिल्या आठवड्यात मळमळ आणि अंधुक दिसण्याची तक्रार घेऊन तीन-चार फवारणीवाले आले, एवढी एक ओळ वेळेत कोणाच्या नजरेस पडली, तर ती पुढच्या सगळ्या आठवड्यांवर परिणाम करू शकते.

सहावी पायरी: आकड्यांना फसू नका

वही सुरू केल्यावर पहिल्या काही महिन्यांत दुखापती वाढलेल्या दिसतील. गावात अपघात वाढले असं त्यावरून समजू नका. लोक सांगायला लागले, एवढाच त्याचा अर्थ.

लहान आकड्यांपासूनही सावध राहा. गेल्या महिन्यात दोघं पडले आणि या महिन्यात चौघं, तर 'अपघात दुप्पट' अशी बोंब नको. तीन-चार महिन्यांचा कल पाहा. आणि नुसती बेरीज न पाहता 'कितीपैकी किती' हे विचारा. समजा मोटारसायकलवरून दहा जण पडले आणि ट्रॅक्टरवरून तीन. मोटारसायकली गावात दोनशे आणि ट्रॅक्टर बाराच असतील, तर आधी लक्ष ट्रॅक्टरकडे द्यायला हवं.

सातवी पायरी: घटनेचे तीन भाग करा

अमेरिकेतल्या महामार्ग सुरक्षा संस्थेचे पहिले प्रमुख विल्यम हॅडन यांनी अपघाताकडे पाहण्याची एक सोपी रीत घालून दिली. घटनेच्या आधी, घटनेच्या क्षणी आणि घटनेनंतर, अशा तीन ओळी आखायच्या. प्रत्येक ओळीत माणूस, वस्तू आणि भोवताल या तिघांबद्दल काय बदलता येईल ते लिहायचं. आपण ती रीत कडबाकुट्टीला लावून पाहू.

आधी: चारा आत सरकवायची पन्हळ एवढी लांब आणि वरून झाकलेली हवी, की हात रोलरपर्यंत पोचूच नये. चाकाला आणि पट्ट्याला जाळी. पदर, ओढणी, सैल बाही आवरलेली. गोठ्यात उजेड. लाइट गेली की खटका आधी बंद करायचा, नाहीतर लाइट परत येते तेव्हा यंत्र चालू होतं आणि कोणाचा तरी हात आत असतो. लहान मुलं यंत्रापासून लांब.

त्या क्षणी: रोलर थांबवायचा किंवा उलटा फिरवायचा दांडा चारा घालणाऱ्याच्या हाताशी. खटका हाताच्या अंतरावर. दुसरं माणूस जवळपास.

नंतर: जखम स्वच्छ कापडाने घट्ट दाबून धरायची आणि हात वर उचललेला ठेवायचा. तुटलेलं बोट ओल्या स्वच्छ कापडात गुंडाळून प्लॅस्टिकच्या पिशवीत बंद करायचं आणि ती पिशवी बर्फाच्या पाण्यात ठेवायची. बोट थेट बर्फावर ठेवलं तर पेशी मरतात आणि ते जोडता येत नाही. १०८ ला फोन करताना 'बोट सोबत आहे' हे सांगायचं. हळद, चुना, माती काही लावायचं नाही.

सर्पदंशालाही हीच रीत लावता येते. रात्रीच्या थ्री फेज विजेवर दारं धरायला, म्हणजे पिकाला पाणी द्यायला जाणाऱ्याला गमबूट, बॅटरी आणि हातात काठी हवी. घरात जमिनीवर झोपणाऱ्यांना मच्छरदाणी गादीखाली नीट खोचून हवी, कारण मण्यार रात्री घरात येते आणि तिचा दंश झोपेत कळतही नाही. चावल्यावर दोरी आवळायची नाही, ब्लेड मारायचं नाही, चोखायचं नाही. तो भाग न हलवता माणसाला थेट प्रतिसर्पविष असलेल्या दवाखान्यात न्यायचं. तुमच्या गावापासून असा दवाखाना कोणता आणि तिथे प्रतिसर्पविष शिल्लक आहे का, हे पावसाळ्याआधी फोन करून वहीत लिहून ठेवा.

आठवी पायरी: एकच उपाय निवडा, आणि तो वस्तूतला निवडा

'काळजी घ्या' असा फलक लावल्याने दुखापती फारशा कमी होत नाहीत. दमलेला माणूस रात्री साडेसातला फलक आठवत नाही. म्हणून माणसाच्या लक्षात राहण्यावर अवलंबून नसलेला उपाय आधी शोधा. प्लॅस्टिक अंथरलेल्या शेततळ्याचा काठ इतका निसरडा असतो, की पोहता येणारा माणूसही वर येऊ शकत नाही. तिथे मुलांना ताकीद देण्यापेक्षा भोवती कुंपण आणि चारही बाजूंनी पाण्यात सोडलेले, गाठी मारलेले दोर जास्त कामाला येतात. ऊस वाहणाऱ्या ट्रॉल्या आणि बैलगाड्यांच्या मागे चकाकणारी पट्टी लावून घ्या आणि त्यासाठी कारखान्याच्या शेती विभागाकडे लेखी मागणी करा. म्हाताऱ्या माणसांच्या पडण्याला न्हाणीघरात धरायला एक लोखंडी दांडी आणि रात्री एक छोटा दिवा, एवढ्याने मोठा फरक पडतो. हे करायला कोणाची परवानगी लागत नाही, आजच घरात करता येतं.

रस्त्यासारखी कामं मात्र ग्रामसभेत न्यावी लागतात. तिथे भाषण नको, बेरीज द्या. समजा वही सांगते, की 'मोरीच्या वळणावर जून ते सप्टेंबरमध्ये सहा जण घसरले, सहाही संध्याकाळी सातनंतर, चार जण खडीवरून.' तेवढंच वाचून दाखवा, टिकल्यांचा नकाशा पुढे धरा आणि एकच मागणी करा: खडी हटवणे आणि वळणावर दिवा. ठराव इतिवृत्तात लिहून घ्या, त्याची प्रत रस्ता ज्यांच्या ताब्यात आहे त्यांना द्या, मग तो सार्वजनिक बांधकाम विभाग असो की जिल्हा परिषद, आणि पोच घ्या. छोट्या खर्चासाठी गावाच्या आरोग्य, पोषण व स्वच्छता समितीचा अबंधित निधी असतो, तो कशावर खर्च होतोय ते विचारा.

वहीचा एक उपयोग आधी लक्षात येत नाही. शेतकऱ्याचा अपघाती मृत्यू झाला किंवा हात-पाय-डोळा कायमचा गेला, तर गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजनेतून मृत्यूला किंवा दोन अवयव गेल्यास २ लाख आणि एक अवयव गेल्यास १ लाख रुपये मिळतात. तुमची वही हा सरकारी पुरावा नव्हे, पण घटना कधी, कुठे, कशी घडली आणि आधी कोणत्या दवाखान्यात नेलं, हे त्या दुःखात घरच्यांना आठवत नाही. ते तुमच्याकडे लिहिलेलं असेल तर कागदपत्रं जमवताना हेलपाटे वाचतात. अशा घरी स्वतः जा आणि योजनेसाठी सहायक कृषी अधिकाऱ्यांना (आधीचे कृषी सहायक) भेटायला सांगा.

नववी पायरी: फरक पडला का ते तपासा

उपाय केला त्या दिवशी वहीत तारखेसह आडवी रेघ मारा. तुलना करताना जूनची जूनशी आणि डिसेंबरची डिसेंबरशी करा, कारण पावसाळ्यातलं घसरणं हिवाळ्यात आपोआप कमी होतं आणि ते श्रेय दिव्याला देणं चूक ठरेल. शेजारच्या गावातही कोणी अशी वही ठेवत असेल, तर त्यांच्या तशाच वळणाचे आकडे मागा. त्यांच्याकडे घसरणं तेवढंच राहिलं आणि तुमच्याकडे कमी झालं, तर उपाय लागू पडला असं म्हणायला आधार मिळतो.

आकडा हललाच नाही, तर रेघेनंतरच्या नोंदींचा सहावा रकाना पुन्हा वाचा. दिवा लागला पण बल्ब गेला असेल. गमबूट वाटले पण ते मोठ्यांच्या मापाचे असतील आणि दारं धरायला सोळा वर्षांचा मुलगा जात असेल. पन्हळीवर झाकण बसवलं पण ओला चारा अडकतो म्हणून कोणी ते काढून ठेवलं असेल. गोठ्यात जाऊन ज्यांनी झाकण काढलं त्यांनाच विचारा, चारा कुठे अडकतो ते प्रत्यक्ष बघा, आणि झाकणाचा नवा आकार गावातल्या वेल्डिंगवाल्याला त्यांच्यासमोरच काढून दाखवा.